दोन आट्यांना दहा मिनिटं

गणिताचे निवृत्त मास्तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलीकडे जायचे. तिथे चार तास मिळायचे, आणि त्या चार तासांच्या आशेवर ते उरलेला महिना ढकलायचे. मुलगी डोंगरावरच्या गावात नोकरीला. गाडीने जायला चार तास, यायला चार. अंधारात मास्तरांना रस्ता धड दिसत नसे, म्हणून सकाळी सहाला निघायचं, दहाला पोचायचं आणि दोनला माघारी. पत्नी गेल्यापासून घरात आवाज करणारं भिंतीवरचं घड्याळच तेवढं उरलं होतं. लेकीची आठवण आली की मास्तर उगाच त्याला किल्ली देत बसायचे.

रस्ता काही कमी होणार नव्हता. गाडी मात्र पळवता येण्यासारखी होती. मिस्त्रीने टर्बोच्या दांडीवरचा नट दोन आटे आवळला, डिझेल जरा वाढवलं, आणि त्या रविवारी मास्तर चक्क दहा मिनिटं आधी पोचले. सोमवारी ते पुन्हा गॅरेजात हजर.

"अजून चार आटे दे."

"नाही झेपणार, सर. टर्बो म्हणजे एवढासा पंखा. त्याच्या मापापर्यंत तो हवा दाबून इंजिनात कोंबतो. त्यापुढे पळवला की नुसती हवा तापवत बसतो. तापलेली हवा विरळ. मग जोर येणार कुठून?"

"दोन आट्यांना दहा मिनिटं, तर सहा आट्यांना किती?"

"वहीत तीस, सर. चढावर उलटंच होईल."

याच मिस्त्रीला मास्तरांनी नववीत दोनदा गणितात नापास केलं होतं. त्याचं काय म्हणून ऐकायचं? तीस मिनिटं जाताना, तीस येताना, म्हणजे लेकीबरोबर अख्खा एक तास जास्त. मास्तरांनी दहा नंबरचा पाना विकत आणला आणि पुढच्या खेपेच्या आदल्या दिवशी स्वतःच चार आटे आवळले.

सपाटीवर गाडीने वेळ राखली. चढ लागला तशी ती धापा टाकू लागली. मास्तरांनी पाय दाबला. टर्बो शिट्टी मारायला लागला, तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला आणि वेग मात्र उतरत गेला. विटांचा ट्रक पुढे गेला, मागोमाग एक ट्रॅक्टर गेला. शेवटी बॉनेटखालून फाटकन आवाज आला आणि गाडी काळा धूर सोडून थांबली.

मास्तरांनी मिस्त्रीला फोन लावला.

"सर, खरं सांगा. किती आवळलात?"

"चार."

"म्हणजे एकूण सहा."

"बेरीज बरोबर आहे," मास्तर म्हणाले. त्या मुलाचं गणित बरोबर आल्याचं त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं.

मग त्यांनी मुलीला फोन केला. ती तिची गाडी आणि दोर घेऊन आली. गाव गाठेपर्यंत एक वाजला. तिथल्या गॅरेजवाल्याने टर्बो खोलून बघितला. "जळलाय. नवा यायला आठ दिवस."

मुलीच्या घरी आल्यावर मास्तर खुर्चीच्या कडेला पाहुण्यासारखे बसले. "मला बसस्टँडवर सोड. दोन वाजत आले."

"कशासाठी? घरी कोण वाट बघतंय तुमची?"

मास्तर मनगटावरून काढून समोर ठेवलेल्या घड्याळाकडे बघू लागले.

"बाबा, तुम्ही आल्या आल्या घड्याळ काढून समोर ठेवता. मला वाटायचं, तुम्हाला इथे करमत नाही."

"आणि मला वाटायचं, तुझा सुट्टीचा दिवस मोडतो. तू कधी राहा म्हणाली नाहीस."

"तुम्ही कधी पिशवी आणली नाहीत." ती आत गेली आणि पलंगावर चादर घालू लागली. चादर घातली तरी बराच वेळ ती सारखी करत राहिली.

मास्तरांनी खिशातली छोटी वही काढली. सहा आट्यांना आठ दिवस, तर महिनाभर राहायला किती? उत्तर साडेबावीस आलं. एवढे आटे त्या दांडीला असतील का, याचा ते विचार करू लागले.

मुलीने मागून वहीत डोकावून बघितलं. "चुकलंय."

"शक्य नाही. पडताळा करून बघ."

"उत्तर शून्य येतं, बाबा. पिशवी घेऊन बसने या आणि राहा."

मास्तरांनी साडेबावीस खोडून शून्य लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याचं उत्तर न तपासता लिहून घेतलं.