भिवबाची पाठवणी

‘कातळवाट’ या व्हिडिओ गेमचा चौथा भाग येईपर्यंत त्यातला पूलराखण्या भिवबा जयसिंगपूरला मगदुमांच्या घरी राहायला होता, आणि ते नियमाला धरूनच होतं. दोन भागांच्या मधल्या काळात पात्रांना काही काम नसतं, म्हणून कंपनी त्यांना चाहत्यांच्या घरी ठेवते. नायकासाठी पुण्या-मुंबईकडून अर्जांचा ढीग पडला होता. सुनेत्रा मगदूमने पूलराखण्या मागितला. तसा अर्ज एकच आल्यामुळे आठवड्याभरात भिवबा खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी घेऊन दारात रिक्षातून उतरला.

आला तेव्हा त्याला तीनच वाक्यं येत होती. समोर माणूस दिसला की, “कोण म्हणायचं पाव्हणं? कुठनं आलासा?” माणूस उठून चालायला लागला की, “पुढं वाट बरी न्हाई.” आणि सूर्य मावळला की, मग तो न्हाणीघरात का असेना, “दिस मावळला. पूल बंद.” सुनेत्राच्या आईला, कुसुमाक्कांना, घरात परका माणूस नको होता. पण त्या तिसऱ्या वाक्यावर त्या विरघळल्या. जैनाचं घर, दिवस असताना जेवायची रीत, आणि नवरा अन् मुलगी दोघंही ती पाळत नव्हती. “एकाला तरी मावळतीची चाड हाय,” असं म्हणून त्यांनी भिवबाला ताट वाढलं.

त्या सुमारास चाहत्यांचा जीव टांगणीला लागला होता. तिसऱ्या भागाच्या शेवटी पूल कोसळतो, पुलावर भिवबा असतो, आणि पडदा काळा होतो. तो वाचला की गेला ते कंपनीने सांगितलेलं नव्हतं. त्यात दुसऱ्या भागात नायकाची घोडी काढून तिथे कारण न देता मोटारसायकल आणली होती, त्यामुळे मंडळी आता ताकही फुंकून पीत होती. चाहत्यांची जातच मोठी विचित्र. नवीन भाग हवा म्हणून वर्षानुवर्षं वाट बघतात आणि त्यात नवीन काही दिसलं की अंगावर धावून जातात.

‘कातळवाट प्रेमी मंडळा’ने मग कंपनीकडे मागण्यांचा अर्ज करायचं ठरवलं. सुनेत्रा दिवसा चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि उरलेल्या वेळात मंडळाची सचिव होती, म्हणून लिहायचं काम तिच्याकडे आलं. पहिली मागणी तिने ठळक अक्षरांत लिहिली: भिवबा जिवंत असावा. पुढच्या पाच मागण्या घोडी, पाऊस, जुनं संगीत असल्या होत्या. सही करणार इतक्यात स्वयंपाकघरातून भिवबाचा आवाज आला, “व्हय की अक्का.”

हे वाक्य खेळात नव्हतं. सुनेत्राने सही थांबवली. अकरा दिवसांत माणूस इतका बिघडला, तर चौथा भाग येईपर्यंत त्याचं काय होईल? तिने लगोलग सातवी मागणी लिहिली: पात्रांना मधल्या काळात लागलेलं वळण काढून टाकावं, आणि विशेषतः भिवबाला तिसऱ्या भागानंतरचं काहीही आठवू नये. चारशे बारा चाहत्यांनी सह्या केल्या. सातव्या मागणीचं तर विशेष कौतुक झालं. अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला आणि मग नऊ वर्षं काही कळलं नाही.

या नऊ वर्षांत भिवबा पेपर वाचायला शिकला. आधी मोठे मथळे, मग निधनवार्ता. कुसुमाक्कांच्या गुडघ्यांना कोणतं तेल किती कोमट करून लावायचं ते त्याला डॉक्टरपेक्षा जास्त कळायला लागलं. भाजीवाल्याशी तो कोथिंबिरीवरून भांडायचा. सुनेत्राला पहिल्या वर्षी ‘पाव्हणं’ म्हणायचा, दुसऱ्या वर्षी ‘बाई’, आणि चौथ्या वर्षापासून ‘पोरी’. पाचव्या वर्षी तिचे वडील गेले, तेव्हा दुखवट्याचे सगळे दिवस तो काठी घेऊन दारात उभा होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा, “कोण म्हणायचं पाव्हणं? कुठनं आलासा?” लोकांना बरं वाटायचं. आपण कोण, मेलेल्या माणसाचे कोण लागत होतो, हे त्यांना तिथे नीट सांगता यायचं आणि मग आत येऊन रडता यायचं. त्या दिवसांत सुनेत्राला वाटलं होतं की हा माणूस या घरातून गेला तर आपल्याला सोसणार नाही. अर्जाची आठवण मात्र तिला तेव्हाही झाली नाही.

यंदा भाद्रपदात कंपनीचं पत्र आलं. चौथा भाग दिवाळीत येत होता. चाहत्यांच्या सातही मागण्या जशाच्या तशा मान्य झाल्या होत्या. पात्र येत्या सोमवारी सांगलीच्या कचेरीत जमा करावं, सोबत ओळखपत्र आणावं.

मंडळात पेढे वाटले गेले. सुनेत्राचा फोन अभिनंदनांनी दिवसभर वाजत होता. संध्याकाळी तिने पत्राला जोडलेली अर्जाची प्रत वाचायला घेतली आणि सातव्या मागणीशी थांबली. अक्षर तिचंच होतं.

“आई,” ती म्हणाली, “मी हात दाखवून अवलक्षण करून ठेवलंय गं.”

सोमवारी तिघं सांगलीला गेली. कचेरीत हर्डीकर नावाच्या बाई होत्या. भिवबा आणि कुसुमाक्का बाहेर बाकावर बसले आणि सुनेत्रा आत गेली.

“सातवी मागणी मागं घ्यायची आहे,” ती म्हणाली.

“एकच मागणी मागे घेता येत नाही हो,” हर्डीकरबाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत असावं, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं. “अर्ज एक आहे. मागे घ्यायचा तर अख्खा घ्यावा लागेल. पहिली सही तुमची आहे, तेव्हा तो अधिकार तुम्हाला आहे.”

“अख्खा घेतला तर?”

हर्डीकरबाईंनी फाईल उघडली. “तर मूळ कथेप्रमाणे काम होईल. मूळ कथेत पात्र पहिल्याच प्रसंगात नदीत वाहून जातं. पुलासकट.”

“आणि अर्ज ठेवला तर?”

“तर वाचतं. तुमचं घर वगैरे राहणार नाही त्याच्या लक्षात. तुम्हीच लिहिलंयत, ‘काहीही आठवू नये’. अगदी नेमकं लिहिलंय. आमच्याकडे इतके स्वच्छ अर्ज फार कमी येतात.”

“पात्राला स्वतःला काय हवं, ते कुठं लिहायचं?”

बाईंनी फॉर्म उलटून पाहिला. “तसा रकाना नाही. पण तुम्ही विचारून या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी थांबते.”

बाहेर भिवबा कुसुमाक्कांना पेपरातली निधनवार्ता वाचून दाखवत होता. सुनेत्राने दोघांना सगळं सांगितलं. सातवी मागणी कोणी लिहिली, कधी लिहिली आणि कशामुळे, तेही सांगितलं. सांगताना ती रडली.

भिवबाने पेपरची घडी घातली. “‘व्हय की अक्का’ म्हटलं म्हणून?”

“हो.”

“त्या दिवशी अक्कांनी इचारलं हुतं, आमटी गोड झाली का,” भिवबा म्हणाला. “मग काय म्हणायचं हुतं मी? पूल बंद?”

सुनेत्राला हसूही आलं आणि आणखीच रडू आलं. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “मला तुम्ही बदलाल याची भीती वाटत होती.”

“बदललो की.”

“आता काय करू ते सांगा.”

“पूल पडला तर राखण्यानं पुलावर असावं, त्याचं मला काय न्हाई,” तो म्हणाला. “पण तेल कोमट किती करायचं ते तू लिहून घे पोरी. तुला जमत न्हाई. तू कढत करतीस.”

तिने आईकडे पाहिलं. कुसुमाक्का पदराच्या काठाशी चाळा करत होत्या.

“इसरला तर इसरला,” त्या म्हणाल्या. “तुझे बाबा न्हाईत. हा तरी असू दे कुठंतरी.”

सुनेत्राने आत जाऊन अर्ज कायम ठेवत असल्याची सही केली. भिवबाने तेलाचं प्रमाण तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि काठी उचलली. आतल्या दारापर्यंत तो गेला तेव्हा कुसुमाक्कांनी हाक मारली, “दिस असताना जेवत जा रे.”

“व्हय की अक्का,” भिवबा म्हणाला, आणि दार लागलं.

चौथा भाग दिवाळीत आला आणि सर्वांना पसंत पडला. घोडी परत आली होती. मंडळाने सुनेत्राचा सत्कार ठेवला. ती गेली नाही, त्यांनी शाल घरी पाठवली.

पाडव्याला तिने टीव्हीसमोर बसून खेळ सुरू केला. पूल नवा बांधला होता आणि त्याच्या तोंडाशी भिवबा उभा होता. घोंगडं तेच, मिशा त्याच. तिने घोडी त्याच्यापुढे नेऊन थांबवली.

“कोण म्हणायचं पाव्हणं?” तो म्हणाला. “कुठनं आलासा?”

सुनेत्रा उत्तर द्यायला गेली आणि तिला ते जमेना. खेळात उत्तर द्यायची सोय नव्हतीच, पण त्यामुळे नव्हे. आपण कोण, याचे काय लागत होतो, हे तिला एकदा नीट सांगायचं होतं. तेवढ्यात तिकडे पुलावरचं ऊन उतरलं आणि इकडे खिडकीतलंही.

कुसुमाक्का आतून हात पुसत आल्या आणि टीव्हीपुढे उभ्या राहिल्या.

“जेवलास का रे?” त्यांनी विचारलं.

“दिस मावळला,” भिवबा म्हणाला. “पूल बंद.”

“जेवलाय,” कुसुमाक्का सुनेत्राला म्हणाल्या, आणि ओटा आवरायला आत गेल्या.