उजेडात आलेला मैल

जिल्हा टंचाई निवारण वाहन उपविभागाच्या एकुलत्या एक मोटारीच्या डॅशबोर्डावरचे दिवे लागत नव्हते. ही गोष्ट कार्यालयात सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे कोणीच ती कोणाला कळवली नव्हती. मोटार विलायती होती. नगरच्या कॅम्पातून कुणी गोरा कर्नल जाताना ती मागे ठेवून गेला आणि पुढे लिलाव, जप्ती, बदली अशा सरकारी मार्गाने ती इथवर आली. तिच्या डॅशबोर्डावर चार गोल मीटर होते: वेगाचा, पेट्रोलचा, इंजिनाच्या तापाचा आणि बॅटरीचा. दिवसा चौघांचेही काटे नीट दिसत. दिवस मावळला की चौघेही ऑफिस सुटल्यासारखे अंधारात निघून जात. सरकारी काम दिवसाउजेडीच चालत असल्याने त्यांच्यावाचून कुणाचे अडले नव्हते.

गाडीचा ड्रायव्हर पुंजाराम हंगामी होता. त्याच्या नेमणुकीच्या हुकमात 'टंचाई असेपर्यंत' असे शब्द होते. म्हणजे बाहत्तर सालच्या त्या वर्षात, माणसांना पाणी नाही आणि गुरांना काडी नाही अशा वेळी, दुष्काळाने ज्याला पोटाला लावले असा हा एक माणूस होता. पण त्यालाही घर होते. पाथर्डीच्या पुढे बोरतळवाडीत त्याची बायको रंगुबाई आणि म्हातारी आई राहत. वाडीची विहीर आटली होती. रंगुबाई नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणायची, वाटीवाटीने हंडा भरायची, आणि हंडा भरेपर्यंत सकाळ उलटून जायची. वाडीला टँकर मिळण्यात एकाच गोष्टीची उणीव होती. उपविभागाचे प्रमुख निमसेसाहेब यांनी जातीने जाऊन, विहिरीच्या काठावर उभे राहून, पाणी नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवे होते. नियमच तसा होता. येत्या सोमवारी साहेब जाणार होते आणि पुंजारामने वाडीला तसा निरोपही धाडला होता.

पण सोमवारच्या आधी घोडेगावचा बाजार आला.

साहेब त्या बाजूला गुरांची छावणी तपासायला गेले होते. छावणीला फारसा वेळ लागला नाही, कारण तिथली गुरे आपल्या फासळ्या आपणच दाखवत होती. वेळ गेला तो बाजारात. दुष्काळामुळे जनावरे मातीमोल भावाने चालली होती आणि साहेबांना केडगावच्या घरासाठी दुभती म्हैस पाहायची होती. एक पसंत पडली, तर तिचा धनी म्हणाला, हिची बहीण गावात बांधलेली आहे. साहेबांनी बहीण पाहिली. मग बहिणीच्या मालकाच्या सोयऱ्यांकडची पाहिली. मोटार गावोगाव हिंडली आणि परतताना, दिवेलागणीच्या सुमाराला, इमामपूरच्या घाटात एक सुस्कारा टाकून उभी राहिली. पेट्रोल संपले होते. साहेबांना नगरपर्यंत ट्रकमधून यावे लागले. ट्रकमध्ये त्यांनी नुकतीच घेतलेली म्हैसही होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रीतसर चौकशी केली. चौकशीत म्हैस आली नाही.

"पेट्रोल संपत आलंय हे तुला दिसलं नाही?" साहेबांनी विचारले.

"अंधारात काटा दिसंना, साहेब. मीटरची लाईट न्हाई. पर म्या म्हनलं हुतं, आता तिसऱ्या म्हशीकडं नगं म्हून."

"मीटरला लाईट नाही," साहेब हेडक्लार्क मच्छिंद्ररावांकडे वळून म्हणाले. "एवढंच लिहून घ्या."

संध्याकाळी परिपत्रक निघाले. ज्या शासकीय वाहनाचे मीटर प्रकाशित नाहीत, असे कोणतेही वाहन शहराच्या हद्दीबाहेर नेऊ नये. परिपत्रक 'सर्व वाहनांना' उद्देशून होते. उपविभागाकडे वाहन एकच होते.

पुंजाराम साहेबांच्या टेबलापाशी गेला. "साहेब, सोमवारी आमच्या वाडीला जायचं हाय. दिवसाउजेडी जाऊ, दिवसाउजेडी माघारी येऊ. दिवसा काटं दिसत्यात की!"

"परिपत्रकात दिवस आणि रात्र असा भेदभाव केलेला नाही," साहेब म्हणाले. ते कडक असले तरी निःपक्षपाती होते.

मच्छिंद्ररावांनी दुरुस्तीसाठी विद्युत शाखेला लिहिले. शाखेने कळवले की आम्ही फक्त इमारतींमधले दिवे पाहतो. सदर मोटार ही इमारत असल्यास तसा दाखला जोडावा. मच्छिंद्ररावांची उभी हयात सरकारी नोकरीत गेली होती. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली. छत आहे, दारे आहेत, खिडक्यांना काचाही आहेत. दाखला जवळजवळ तयार झाला होता. पण एकदा इमारत ठरल्यावर तिला आवाराबाहेर न्यायचे कसे, अशी शंका त्यांनाच आली आणि त्यांनी ती वरिष्ठांकडे मार्गदर्शनासाठी पाठवून दिली. मार्गदर्शनाची वाट पाहण्यात सोमवार गेला, आणि त्याच्या पुढचाही गेला.

एस.टी.च्या कंडक्टरबरोबर रंगुबाईचा निरोप आला: झिराबी आटत चाललाय, म्हातारीला चालवत न्हाई, तुमचं साहेब कवा येनार?

त्या दिवशी पुंजारामने कुणाला न विचारता मोटार माळीवाड्यात बन्सी वायरमनकडे नेली. माळीवाडा हद्दीच्या आतच होता. बन्सी डॅशबोर्डाखाली डोके घालून उताणा पडला आणि काही वेळाने धुळीने माखलेले तोंड बाहेर काढून म्हणाला, "बल्ब गेल्यात, अन् एक वायर सडलीय. येवढंच. आजवर कुनी वाकून बघितलंच न्हाई व्हय?"

"बघायचे की. पर आत लाईट नव्हती."

बन्सीने बल्ब बसवले, वायर बदलली आणि कामाचे म्हणून चहा तेवढा घेतला. छपराच्या सावलीत पुंजारामने बटण ओढले. चारही मीटर हिरवट उजेडाने उजळले. इतकी वर्षे विझून बसलेली ती तोंडे एकदम जागी झालेली पाहून त्याला फार बरे वाटले. त्याचे हात आपोआप जोडले गेले. आता साहेब येणार, टँकर येणार, म्हातारी घोटभर चांगले पाणी पिणार, असे सगळे त्या उजेडात त्याला दिसले.

सकाळी त्याने साहेबांना गॅरेजमध्ये नेऊन बटण ओढून दाखवले. साहेब खूश झाले. एवढ्यात खिडकीतून डोकावणाऱ्या मच्छिंद्ररावांनी चष्मा वर सरकवला.

"साहेब, हे मैल आहेत."

"कुठे?"

"वेगाच्या मीटरवर. ताशी मैल. मैल केव्हाच बंद झाला. आता दशमान पद्धत, किलोमीटर पाहिजे."

"अहो, पण इतकी वर्षं हाच मीटर रोज दिसत होता ना?"

"दिसत होता, पण सूर्याच्या उजेडात. त्याची जबाबदारी आपल्यावर नाही." मच्छिंद्ररावांनी आवाज खाली आणला. "आता तो सरकारी बॅटरीवर दिसतोय. म्हणजे शासन स्वतः होऊन मैल दाखवतंय."

साहेबांना घाम फुटला. ताबडतोब दशमान प्रसार कक्षाच्या निरीक्षकांना बोलावण्यात आले. निरीक्षक भिंग घेऊन आले आणि त्यांनी एकेका मीटरची जबानी घ्यावी तशी तपासणी केली. वेग मैलात, पेट्रोल गॅलनमध्ये, ताप फॅरनहाईटमध्ये. एकट्या बॅटरीचा मीटर तेवढा निर्दोष सुटला. "निषिद्ध मापांस हेतुपुरस्सर प्रकाश देणे," निरीक्षक गंभीरपणे म्हणाले, "असा प्रकार माझ्या नोकरीत पहिलाच. प्रकाश कोणी दिला?"

सगळ्यांनी पुंजारामकडे पाहिले.

पेच मोठा होता. दिवे विझवावे तर परिपत्रकाचा भंग, चालू ठेवावे तर दशमानाचा. नवे मीटर विलायतेहून मागवावे तर परकीय चलनासाठी दिल्लीची मंजुरी लागणार. पुंजारामची नोकरी जाणार हे ठरल्यासारखेच होते, पण त्याला त्याची पर्वा उरली नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढे तो झिरा होता. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "साहेब, वरून कागुद चिकटवला तर?"

निरीक्षकांनी भिंग खाली घेतले.

"पुन्हा बोल," निरीक्षक म्हणाले.

"आत लाईट चालू ऱ्हाईल. वरून आकडं झाकत्याल. पर आमच्या वाडीला तेवढं चला."

निरीक्षकांनी साहेबांकडे पाहिले, साहेबांनी मच्छिंद्ररावांकडे, आणि मच्छिंद्रराव खळ आणायला स्वतः धावले. तीन मीटरांवर खाकी कागद बसला. कोणतेही निषिद्ध माप दृष्टीस पडत नाही, असे निरीक्षकांनी प्रमाणित केले. सर्व मीटर प्रकाशित आहेत, असे साहेबांनी प्रमाणित केले. टाकीत पेट्रोल किती आहे हे आता दिवसाही कळेनासे झाले, पण त्याविषयी परिपत्रकात काही म्हटलेले नव्हते.

साहेब बोरतळवाडीला गेले. विहिरीच्या काठावर उभे राहून त्यांनी पाणी नसल्याचे पाहिले आणि टँकर जागच्या जागी मंजूर केला. बायांनी पुंजारामकडे असे पाहिले की जणू त्यानेच तो टँकर खांद्यावरून आणला. पदर सावरताना रंगुबाईचे डोळे भरून आले होते. पुंजारामची छाती फुगली.

इकडे त्याची ती युक्ती वर गेली होती. वर ती फार आवडली. टंचाईच्या कामावरील तमाम वाहनांचे तमाम मीटर प्रकाशित करून झाकण्यात यावेत, असा आदेश निघाला आणि 'मूळ कल्पनेबद्दल' पुंजारामला प्रशस्तिपत्रक मिळाले. टँकरही वाहनच होते. टँकरच्या पाठीमागे पाणी किती चढले हे दाखवणारी काचेची उभी नळी असते, आणि जुन्या टँकरांच्या नळ्यांवर गॅलनचे आकडे होते. नळ्यांमागे बल्ब लावले गेले, नळ्यांवर खाकी कागद चिकटवले गेले. त्यामुळे पाणी भरण्याच्या ठिकाणी भरलेला टँकर आणि रिकामा टँकर सारखेच दिसू लागले. तेव्हा रांगेत जो पुढे असेल तो भरलेला धरावा, असे ठरले. बोरतळवाडीच्या टँकरच्या ड्रायव्हरला गाडी जरा हलकी लागत होती. त्याने तसे बोलूनही दाखवले. पण हलकी लागणे हे दशमान माप नसल्याने त्याची दखल घेता आली नाही.

टँकर वाडीत शिरला तेव्हा बाया पहाटेपासून हंडे घेऊन बसल्या होत्या. साहेब हजर होते, मच्छिंद्रराव हजर होते, वार्ताहर हजर होता. टँकरला हार घातला. मागच्या नळीवरच्या खाकी कागदाआड बल्ब ऐटीत जळत होता. तोटी उघडली. तोटी खोकली, तांब्याभर गंजलेले पाणी बाहेर पडले, आणि मग नुसती हवा येत राहिली.

रंगुबाईने रिकामा हंडा खाली ठेवला आणि ती नवऱ्याजवळ आली. "अवं, ह्यात पानी न्हाई. काच झाकलीया म्हून भरनाऱ्याला कळलं नसंल. कुनी लावला हो ह्यो कागुद?"

पुंजारामने त्या कागदाकडे पाहिले. "म्याच," तो म्हणाला. एवढे बोलून त्याने मान खाली घातली, ती त्याला पुन्हा वर करवेना. त्या क्षणी नोकरी गेली असती तर त्याला सुटल्यासारखे वाटले असते, पण ती गेली नाही. त्याची नोकरी टंचाई असेपर्यंत होती आणि टंचाईला काही धोका दिसत नव्हता.

बाया ओरडू लागल्या तशी साहेबांनी तक्रार ऐकून घेतली. "पाणी किती कमी आलं?"

"अवो, आलंच न्हाई!" बाया एका सुरात म्हणाल्या.

मच्छिंद्रराव चिंतेत पडले. "साहेब, टँकरची नोंद गॅलनमध्ये आहे, तक्रार लिटरमध्ये घ्यावी लागेल. हिशेब जुळणार नाही."

"आलं किती?"

"शून्य."

साहेबांचा चेहरा उजळला. "मग अडचण कसली? शून्य गॅलन आणि शून्य लिटर एकच. आजवरच्या कामात दोन्ही पद्धतींना मान्य असा हा पहिलाच आकडा." त्यांनी जागच्या जागी शेरा मारला: तफावत आढळली नाही. बायांनी हंडे उचलले आणि त्या नदीच्या पात्राकडे चालू लागल्या. त्यांच्यामागून, मान खाली घालून, पुंजारामही चालू लागला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली: 'बोरतळवाडीस टँकर पोहोचला, पुरवठ्यात तफावत नाही.' बातमी लहान होती, पण आपणही ती वाचली असेल. सकाळी आंघोळ आटोपून, चहाचा कप हातात घेऊन वाचली असेल, आणि चला, काहीतरी होतंय म्हणून बरे वाटून पान उलटले असेल. त्या आंघोळीला पाणी किती लागले, असे आपल्याला कोणी विचारले नाही आणि विचारणारही नाही. विचारलेच तर खुशाल बादल्यांत सांगा. आपल्याला दशमानाची सक्ती नाही.