न बोलता वेचलेली मोहफुलं

कोरियातले नवरा-बायको मोबाइलवरच्या व्हिडिओंत फारसं बोलत नाहीत, हा शोध खुशबूला लागला. तो भात शिजवतो, ती कपडे वाळत घालते. आवाज फक्त सुरीचा आणि पाण्याचा. आणि बघणारे लाखो! "आपनही आपलं रोजचं दाखवू न जी," ती म्हणाली. प्रफुल हो म्हणाला. (लग्न नवं होतं, तेव्हा नवरे हो म्हणतात.)

मूल शहराजवळच्या त्यांच्या गावात चैत्रातलं रोजचं म्हणजे पहाटे मोहफुलं वेचणं. तेही टोळीनं, आरडाओरडा करत. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. माणसाचा आवाज आला की तो वाट बदलतो. 'जंगलात जाऊ नका' असा फलक लावणारे साहेब, मोहाशिवाय चूल कशी पेटवायची ते फलकावर लिहीत नाहीत.

खुशबूने टोळी टाळली. "बाया लय कलकल करतात. तुमी फक्त वेचा. बोलू नका."

प्रफुल वाकला. फूल टोपलीत पडलं. टप्. आणि मागच्या बांबूत खस्स झालं.

तो थांबला. बांबूही थांबला. तो हलला, बांबूही हलला. परवाच याच नाल्यातून वाघाने गाय ओढत नेली होती.

"खुशबू, मांगं काहीतरी हाये वं!"

एका हाताने फोन रोखून तिने ओठांवर बोट ठेवलं. "मस्त घाबरून राह्यले. तसंच राहा."

बांबूतून धापा ऐकू आल्या. प्रफुल जन्मात झाडावर चढला नव्हता, पण आता तो मोहाच्या शेंड्याजवळ होता आणि "वाघ! वाघ!" ओरडत होता.

"अस्वल! अस्वल!" बांबूमागूनही आरोळी आली, आणि पलीकडच्या झाडावर शेजारचे रामाजी सरसर चढले.

दोन्ही झाडं थरथरत राहिली.

"कोन, प्रफुल? अबे, मोहाखाली मुकाट्यानं अस्वल फिरते, मानूस नाई! आवाज काऊन नाई केला?"

"कोरियन करून राह्यलो होतो, भाऊ."

"अन् मले वाघासाठी खाली ठेवलं का जी?" खुशबूने विचारलं. फोन अजून वरच रोखलेला होता.

"तुह्या हातात फोन होता न!" प्रफुल म्हणाला.

रामाजी उतरून घरी गेले. प्रफुलला उतरता येईना. शेवटी गाव शिडी घेऊन आलं.

खुशबूने व्हिडिओ टाकला, शिडी येण्याआधीच. बघणारे खरंच लाखो झाले. पण मोहाबद्दल, वाघाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. थेट कोरियातून एका बाईने भाषांतर करून मराठीत विचारलं होतं, "भाऊजी उतरले का?"