विनापरवाना झडप

हृदयाच्या कृत्रिम झडपा तपासणारे यंत्र ज्या मिस्त्रीने बांधले, तो मिस्त्री एका सोमवारी स्वतःच्याच झडपेपायी प्रयोगशाळेच्या जिन्यात चौथ्या पायरीवर मटकन बसला. वय एकसष्ट. हृदयातून रक्त बाहेर पडते त्या दारावरची झडप चुन्यासारखी कडक झाली आहे, सहा महिन्यांत बदलायला हवी, असे डॉक्टरांनी सांगितले आणि धातूची झडप सुचवली.

"धातूची नको," मिस्त्री म्हणाला. "ती बसवली की जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळ्या. मला आठवड्यातून दोनदा पत्रा कापतो. लेथखाली बादली ठेवू का?"

"शिवाय ती टिकटिकते म्हणे," त्याची बायको म्हणाली. "आमच्या खोलीत एक घड्याळ आहे, तेवढं पुरे."

डॉक्टरांनी प्राण्याच्या ऊतीची झडप सुचवली. ती किती टिकेल, असे मिस्त्रीने विचारले. दहा-पंधरा वर्षे, असे उत्तर आले. मिस्त्री उठला आणि दम खात खात थेट प्रयोगशाळेतल्या संशोधिका बाईंकडे गेला.

"मॅडम, आपल्या यंत्रात चाललीय ती द्या की मला."

यंत्रात चालली होती ती झडप बाईंनी नऊ वर्षे खपून केली होती. माणसाच्या खऱ्या झडपेतले तंतू एका दिशेने ताठ आणि दुसऱ्या दिशेने लवचीक असतात. तसेच धागे विणून बाईंनी तिच्या तीन पाकळ्या घडवल्या होत्या. मिस्त्रीच्या यंत्राने ती साडेपाच महिने अहोरात्र वीस कोटी वेळा उघडमीट करून पाहिली होती. एकही धागा उसवला नव्हता. प्राण्यांवरच्या चाचण्याही पार पडल्या होत्या. आता फक्त पहिल्या माणसात बसवायची परवानगी तेवढी बाकी होती. 'फक्त' हा शब्द बाईंनी वापरला, कारण त्या तोवर परवानगी कार्यालयात गेल्या नव्हत्या.

कार्यालयातल्या अधिकाऱ्याने अर्जाचा पहिलाच शब्द बोटाने दाबून धरला.

"जैवप्रेरित. प्रेरणा कोणाकडून घेतली?"

"माणसाच्या हृदयाकडून."

"म्हणजे मानवी अवयव. वरचा मजला."

वरच्या मजल्यावर अवयव विभाग होता. तिथल्या कारकुनाने दात्याचा मृत्यूचा दाखला मागितला.

"दाता नाहीये. कोणी मेलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"ते चांगलंच आहे," कारकून सहानुभूतीने म्हणाला, "पण फॉर्मला ते चालत नाही."

दोन महिने अर्ज मजले चढत-उतरत राहिला. मिस्त्रीला तेवढे चढणे-उतरणे केव्हाच झेपेनासे झाले होते. तो आता उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचा. शेवटी अर्ज उपकरण विभागात स्थिरावला. नवे उपकरण कशासारखे आहे ते लिहा, असा रकाना होता. बाईंनी प्रामाणिकपणे लिहिले, 'निरोगी मानवी झडपेसारखे.'

अधिकारी खूश झाला. "मग सोपं आहे. त्या झडपेचा मंजुरी क्रमांक टाका."

"निसर्गाच्या झडपेला मंजुरी क्रमांक कुठला असणार?"

"आपल्याला माहीत नसेल. आम्ही बघतो."

अधिकारी कामाला वाघ होता. कार्यालय स्थापन झाल्यापासूनच्या सगळ्या फायली त्याने तीन आठवडे उपसल्या आणि घाबऱ्या चेहऱ्याने समितीपुढे टिपण ठेवले. मानवी झडप. उत्पादक अज्ञात. चाचणी अहवाल उपलब्ध नाही. हमी नाही. सध्या वापरात सर्व नागरिकांकडे. बिघाडाचे प्रमाण, उशिरा का होईना, शंभर टक्के.

"अहो, पण ती माणूस झाला तेव्हापासून चालतेय!" समितीतले एकमेव डॉक्टर म्हणाले.

"अनधिकृत वापर जुना असला म्हणून अधिकृत होत नाही," अध्यक्ष म्हणाले. यावर डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांच्या स्वतःच्या घराच्या गच्चीवर एक खोली होती आणि विषय वाढावा असे त्यांना वाटेना.

बाईंना उत्तर आले. सदर उपकरण हे एका अमंजूर उपकरणाची हुबेहूब नक्कल असल्याचे तज्ज्ञ तपासणीत निःसंशय सिद्ध झाले आहे. सबब अर्ज नामंजूर.

ते पत्र घेऊन बाई मिस्त्रीच्या घरी गेल्या. पाच महिने उलटले होते. मिस्त्रीचे पाय सुजले होते आणि तीन-चार शब्दांनंतर तो थांबत होता.

"मी हरले, मिस्त्री," बाई म्हणाल्या. "धातूची बसवून घ्या. आता हट्ट नको."

मिस्त्रीच्या बायकोने डोळ्याला पदर लावला. मिस्त्रीने चष्मा मागितला आणि पत्र दोनदा वाचले.

"मॅडम, यात माझ्या झडपेला... उपकरण म्हटलंय."

"हो."

"उपकरणाची दुरुस्ती करायला... परवानगी कधीपासून लागते?"

तीस वर्षे प्रयोगशाळेचे दुरुस्तीचे फॉर्म मिस्त्रीनेच भरले होते. त्याच्या बायकोने कपाटातून एक कोरा फॉर्म काढून दिला. मिस्त्रीने लिहिले: बिघडलेला भाग, झडप, नग एक. बदली भाग मूळ भागासारखाच आहे काय? होय. पुरावा? कार्यालयाचेच पत्र सोबत जोडले आहे.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याने फॉर्म वाचला.

"दुरुस्ती जागेवरच होणार ना?"

"शस्त्रक्रियागृहात," बाई म्हणाल्या.

"म्हणजे उपकरण बाहेर कुठे न्यायचं नाही. मग वाहतूक परवाना नको," असे म्हणून त्याने 'किरकोळ दुरुस्ती' असा शिक्का मारला.

किरकोळ दुरुस्ती सहा तास चालली. बाई बाहेरच्या बाकावर मिस्त्रीच्या बायकोचा हात धरून बसल्या होत्या. नऊ वर्षांत त्यांनी ती झडप अनेकदा हाताळली होती, पण ती कोणाची तरी म्हणून कधी पाहिली नव्हती. सर्जन बाहेर आले, मास्क काढला आणि म्हणाले, "छान उघडतेय." बाईंना रडू कोसळले.

घरी आल्यावर बायकोने मिस्त्रीच्या छातीला कान लावला.

"अहो, टिकटिक नाहीच की हो!"

"तेवढ्यासाठीच नऊ वर्षं घातली त्यांनी," मिस्त्री म्हणाला. या वेळी तो मध्ये कुठे थांबला नाही. पुढच्या महिन्यात तो लेथवर परत आला.

कार्यालयाचे काम मात्र तिथे संपत नव्हते. दुरुस्तीच्या शिक्क्यामुळे मिस्त्रीची झडप दप्तरी आली आणि कागदोपत्री नियमित झडप असलेला तो एकमेव नागरिक ठरला. बाकीच्यांसाठी परिपत्रक निघाले: विनापरवाना झडप वापरणाऱ्यांनी ती एकतीस तारखेच्या आत नियमित करून घ्यावी. पहिल्याच दिवशी अकराशे माणसे रांगेत होती. समितीतले डॉक्टर सातवे होते. नंबरावरून दोन भांडणे झाली. परिपत्रकावरून एकही झाले नाही.

आपण इथवर हसत आला असाल, तर आनंद आहे. खिडकी सव्वादहाला उघडते आणि फोटो दोन लागतात. आता खरे सांगा, हे वाचल्यावर आपल्या मनात आधी काय आले: 'कशासाठी?' की 'रंगीत की साधे?'