टाकीचं नाक

गोपाळकृष्ण वकिलांनी मोटरबोट घेतली ती हौसेपायी, पण घरात सांगितली नवसाच्या नावावर.

वकील मागे विषमज्वराने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा अनसूयाबाईंनी पळसदरीच्या तलावाकाठच्या पिंपळाला एकवीस प्रदक्षिणा बोलल्या होत्या. वकील बरे झाले, पण नवस फेडण्याआधी तलावाचा बांध उंचावला, पाणी कायमचं चढलं आणि पिंपळ पारासकट पाण्यात उभा राहिला. धाऊ ठाकराचा तराफा होता, पण सोवळं नेसून त्याच्यावर बसायला बाई तयार नव्हत्या. तेव्हापासून घरात दूध नासलं तरी खापर त्या नवसावर फुटे. अशात मुंबईचा एक साहेब विलायतेला जायला निघाला आणि त्याची दोन इंजिनांची बोट वकिलांनी उचलली.

"नवस फिटेपर्यंत ठेवा," अनसूयाबाई म्हणाल्या. "फिटला की विकायची. कबूल?"

"कबूल," वकील म्हणाले. पुढचं पुढे बघू, यावरच त्यांची वकिली उभी होती.

सोमवारी सकाळी बोट निघाली. मागे दोन इंजिनांपाशी वकील, मध्ये पुरणपोळीच्या नैवेद्याचं ताट सांभाळत अनसूयाबाई, पुढे बांबू घेऊन धाऊ. पहिल्या काही प्रदक्षिणा झकास झाल्या. मग उजवं इंजिन खोकलं आणि बंद पडलं. एकट्या डाव्याच्या जोरावर बोट जागच्या जागी गरगर फिरू लागली.

"अहो, पिंपळ राहिला तिकडे. आपण स्वतःभोवतीच फिरतोय."

"चालतं," वकील म्हणाले. "आरतीनंतर आपण स्वतःभोवती प्रदक्षिणा घालतोच की. शास्त्रात बसतं."

बाईंना हा युक्तिवाद पटला नाही. वकिलांनी उजव्या टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोल होतं. त्यांनी झाकण लावलं, नळी सोडवून फुंकली, पुन्हा जोडली आणि दोरी ओढली. इंजिन सुरू झालं.

"नळीत कचरा होता," वकील ऐटीत म्हणाले.

तेवढ्यात डावं बंद पडलं आणि बोट उलटी फिरू लागली. अनसूयाबाईंचा चेहरा उतरला.

"उलट्या प्रदक्षिणा! आता ह्या झालेल्यांतून वजा व्हायच्या. थांबवा आधी."

"डावं रुसलंय," धाऊ म्हणाला. "मगाधरनं तुमी उजव्याचंच करताव, सायब. त्याला बी जरा हात लावा."

वकिलांनी डाव्या टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोल होतं. झाकण लावून ते नळीला हात घालणार, तोच बाईंनी देवाचा अंगारा काढून इंजिनाला लावला. वकिलांनी दोरी ओढली आणि इंजिन सुरू झालं.

"अंगाऱ्याचा गुण," बाई म्हणाल्या.

पुढच्या वेळी उजवं बंद पडलं तेव्हा झाकण उघडून, पेट्रोल बघून, वकिलांनी पेट्रोल गाळायची जाळी धुतली आणि ते जाळीमुळे चाललं. त्याच्या पुढच्या वेळी वकिलांनी झाकण उघडून लावल्यावर धाऊने टाकीवर बांबू आपटला आणि ते बांबूमुळे चाललं. ज्याचा त्याचा इलाज लागू पडत होता आणि कुणाचाच टिकत नव्हता. बोट एकदा सुलटी, एकदा उलटी फिरत होती आणि बेरीज-वजाबाकी करता करता अनसूयाबाई रडकुंडीला आल्या होत्या.

"एवढी वर्षं वाट पाहिली," त्या म्हणाल्या, "आणि आज देव दारातून परत पाठवतोय."

वकिलांना मनापासून वाईट वाटलं. ते गप्प झाले, आणि गप्प झाल्यामुळेच पुढचं झाकण उघडताना त्यांना एक आवाज ऐकू आला. टाकीने सूंऽ करून हवा आत ओढली. त्यांनी झाकण निरखून पाहिलं. त्यावरच्या बारीक भोकात काहीतरी पांढरट चिकटलं होतं. दुसऱ्या झाकणावरही तेच.

"हे काय?"

"कणीक," बाई म्हणाल्या. "घाणेरडा वास येत होता नैवेद्यावर. मीच लिंपली सकाळी."

"अगं, त्या भोकातून हवा आत जाते, तेव्हा पेट्रोल खाली उतरतं. टाकीला श्वास लागतो."

"मग टाकीला नाक असतं हे आधी सांगायचं होतं."

वकिलांनी दोन्ही नाकं मोकळी केली आणि कणकेची गोळी फळीवर ठेवली. बोट आता तालात चालू लागली. बाईंनी वजाबाकी भरून काढली. वीस प्रदक्षिणा पुऱ्या झाल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी वकिलांना आपली कबुली आठवली. आणखी एक फेरी झाली की नवस फिटला, आणि बोट गेली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, हळूच गोळी उचलली आणि उजव्या टाकीच्या नाकावर दाबली.

"काढा ती," मागे न बघता अनसूयाबाई म्हणाल्या.

वकिलांनी निमूटपणे कणीक काढली. एकविसावी प्रदक्षिणा पुरी झाली. बाईंनी नैवेद्यातली एक पोळी पिंपळाच्या बेचक्यात ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटल्या.

"काय गं?" वकिलांनी पडेल आवाजात विचारलं.

"नवा नवस बोलले. तुमची लबाडी सुटली की पुन्हा एकवीस घालीन म्हटलं."

धाऊने बांबू आडवा ठेवला. "म्हंजे बोट इकायची नाय का, सायब?"

"नवस फिटेपर्यंत नाही," वकील म्हणाले, आणि ताटात उरलेली पुरणपोळी त्यांनी शांतपणे जवळ ओढली. "आमच्या नातवंडांना उपयोगी पडेल."