पाळणाघरात जमा असलेली मांडी

पुढील प्रशिक्षणासाठी आर्थिक साहाय्य मंजूर झालेल्या पाळणाघर सेविकेने गाव सोडण्यापूर्वी आपली मांडी पाळणाघरात जमा करावी, असा नियम आमच्या तालुक्यात आहे. नियम कठोर वाटेल, पण त्यामागचा विचार सरळ आहे. सेविका शिकायला गेली म्हणून मुलांच्या आयांचे काम थांबू नये. भरवायला बदली हात मिळतात, गाणी कोणालाही म्हणता येतात. मांडी मात्र मुले ओळखतात. म्हणून साहाय्य सेविकेला आणि मांडी मुलांना, अशी विभागणी ठरलेली आहे.

यमुनाबाई सातार्डेकर काजूच्या कारखान्याला लागून असलेल्या पाळणाघरात बारा वर्षे सेविका होत्या. काजू फोडणाऱ्या बायकांच्या हातांना टरफलाचे तेल लागते. ते तेल मोठ्या माणसाची कातडी जाळते. तान्ह्या मुलाच्या गालाचे काय होईल, ते सांगायला नको. त्यामुळे कामाच्या वेळात एकही आई आपल्या मुलाला हात लावीत नाही. दारातून पाहते आणि हात अंगापासून दूर धरून परत जाते. चौदा मुलांना दिवसभर एकच मांडी होती, आणि ती यमुनाबाईंची होती.

शिमग्यानंतरच्या आठवड्यात, काजू फोडणाऱ्या दर्शना धुरी यांच्या केतकीला त्या मांडीवर आकडी आली. केतकी तेव्हा सव्वा वर्षाची होती. यमुनाबाईंनी आजवर जे पाहिले होते तेच केले. कांदा फोडून नाकाशी धरला आणि दातखीळ सुटावी म्हणून तोंडात चमचा घातला. केतकी शुद्धीवर आली, पण तिचा पुढचा दात तुटून घशाशी गेला होता. तो डॉक्टरांनी चिमट्याने काढला.

डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, "बाई, आकडीने तिला काही झाले नसते. तुमच्या चमच्याने झाले असते."

यमुनाबाई घरी आल्या, त्यांनी देवापुढे दिवा लावला, पण नमस्कार केला नाही. अज्ञानाने केलेली सेवा देवापुढे ठेवता येत नाही, असे त्यांना वाटले. ते बरोबर होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणच्या अकरा महिन्यांच्या बालसंगोपन पदविकेसाठी साहाय्याचा अर्ज केला.

साहाय्य अधिकारी श्री. केळुसकर यांनी अर्ज दोनदा वाचला. शुल्क, वसतिगृह, एसटीचे भाडे आणि दरमहा निर्वाहभत्ता, सर्व मंजूर होण्याजोगे होते. मग मांडीचा रकाना आला. दोन्ही मांड्या द्याव्या लागतील काय, असे यमुनाबाईंनी विचारले.

"बसल्यावर जी होते ती एकच असते," केळुसकर म्हणाले. "उभे राहिल्यावर उरते ते तुमचे. त्यावर कार्यालयाचा हक्क नाही."

प्रशिक्षण संपल्यावर मांडी परत मिळेल, असे नियमात लिहिले होते. त्याखाली एक अट होती: मुलांची हरकत नसावी. यमुनाबाईंनी ती वाचली आणि सही केली. मुलांची हरकत कशाला असेल?

सोमवारी सकाळी त्या पाळणाघरात चटईवर बसल्या आणि मांडीशिवाय उठल्या. मांडी चटईवर राहिली, नेहमीच्या तपकिरी पातळात, उबदार. बारा वर्षांच्या सवयीने तिचा डावा गुडघा हलके हलत होता. मदतनीस वत्सला हिने पोच लिहून दिली. केतकीला मांडीवर ठेवले, तेव्हा यमुनाबाईंच्या पायांत चपलाही चढल्या नव्हत्या आणि केतकी झोपलेली होती.

"बाईंपेक्षा ही बरी," वत्सला म्हणाली. "कामात खोड काढायची नाही."

यमुनाबाई हसल्या आणि गाडीला गेल्या. गाडीत जागा होत्या. त्या उभ्या राहिल्या. मांडी जमा केलेल्या माणसाला चालता येते, झोपता येते, बसता येत नाही, हे कंडक्टरला समजावून सांगावे लागले.

प्रशिक्षण केंद्रात पहिल्या दिवशी बेचाळीस बायका बसल्या आणि एक भिंतीशी उभी राहिली. शिकवणाऱ्या सामंतबाईंना तो उद्धटपणा वाटला. यमुनाबाईंनी पोच दाखवली. सामंतबाईंनी ती वाचली आणि खडू खाली ठेवला. त्यांनी तीस वर्षे हा विषय शिकवला होता, आणि साहाय्याच्या अटी कधी वाचल्या नव्हत्या. मग त्यांनी आपली खुर्ची वर्गाबाहेर नेऊन ठेवली. वर्ष संपेपर्यंत त्या वर्गात बसल्या नाहीत.

सुट्टीत मुलांना भेटण्यास साहाय्यधारकांना मनाई आहे, कारण त्याने मुलांचा गोंधळ होतो. यमुनाबाईंनी ती मनाई पाळली. सकाळी स्तोत्र म्हणून झाले की त्या आकडीचा पाठ म्हणत: मुलाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे. पाठ म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर केतकी असे, आणि तिच्या तोंडातली मोकळी जागा असे. परीक्षेत त्या पहिल्या आल्या.

परतल्या त्या दिवशी केळुसकर पंचनाम्याचे कागद घेऊन पाळणाघरात हजर होते. मांडी जागेवर होती. तिच्या उजव्या गुडघ्यावर हळदकुंकू होते आणि पुढे दोन अनंताची फुले होती. कारखान्याच्या बायका कामावर जाताना वाहून जात. हे योग्य नव्हते. माणसाचा अवयव देव होत नाही. तसे त्यांना सांगण्यात आले होते, आणि त्यांनी ते ऐकले नव्हते. यमुनाबाईंनी स्वतःच्या गुडघ्यावरचे कुंकू पाहिले आणि दारातच थांबल्या.

केळुसकरांच्या सांगण्यावरून त्या चटईवर बसल्या. अकरा महिन्यांनी बसल्या. मांडी कुठेही न अडता जुळली. वत्सलाने मुलांना पुढे सोडले.

केतकी सर्वांत आधी आली. आता ती धावत होती. मांडीवर चढली, पाठ टेकली, आणि सवयीने वर पाहिले. वर यमुनाबाईंचा चेहरा होता. अकरा महिने तेथे फक्त कौले होती.

केतकीने जी किंकाळी फोडली ती कारखान्यात ऐकू गेली. मग बाकीची मुले रडू लागली. यमुनाबाईंनी त्यांना नावाने हाका मारल्या, तेव्हा ती अधिकच रडली, कारण मांडी बोलते हे त्यांना माहीत नव्हते. यमुनाबाईंनी वत्सलाकडे पाहिले. वत्सला जमिनीकडे पाहत होती. उघडपणे कोणाचे काही चुकले नव्हते, आणि खोलीतल्या एकाही मोठ्या माणसाला मान वर करता येईना.

नियमाप्रमाणे यमुनाबाई उठल्या. मांडी चटईवर राहिली. मुले तिच्याभोवती जमली आणि शांत झाली.

केळुसकरांनी लिहिले आणि लिहिलेले वाचून दाखवले. "मुलांना मांडी मान्य आहे. वरचा भाग मान्य नाही."

"वरचा भाग मी आहे, साहेब," यमुनाबाई म्हणाल्या.

"तशी नोंद केली आहे."

ते वाईट गृहस्थ नव्हते. मांडी कायम पाळणाघराकडे राहील, हे सांगतानाच त्यांनी दुसरा कागद पुढे केला. पदविकाधारक म्हणून यमुनाबाईंना तालुक्याच्या पर्यवेक्षिकेची जागा देण्यात येत होती. काम फिरतीचे होते. त्यात बसावे लागत नव्हते. यमुनाबाईंनी कागद हातात घेतला, पण अक्षरे त्यांना दिसत नव्हती. त्या म्हणाल्या, शिकायला गेले ते हिच्यासाठी, आणि मांडीवर बसलेल्या केतकीकडे बोट दाखवले.

त्याच क्षणी केतकीचे डोळे फिरले.

हातपाय ताठ झाले आणि अंग झटके देऊ लागले. मांडीने तिला पडू दिले नाही. तेवढेच मांडीला करता येत होते. वत्सला कांदा आणायला धावली. यमुनाबाईंनी तिला नुसत्या हाताने थांबवले. केतकीला चटईवर घेऊन कुशीवर वळवले, गळ्याजवळची बटणे सोडली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत गुडघे टेकून राहिल्या. केळुसकरांच्या हातातले पेन खाली पडले आणि कोणी उचलले नाही. दोन मिनिटे दहा सेकंदांनी झटके थांबले. श्वास नीट झाला. जीभ, ओठ, दात, सर्व जागच्या जागी होते.

दर्शना दारात येऊन उभी होती. टरफलाच्या तेलाने काळे झालेले हात दोन्ही बाजूंना दूर धरले होते, आणि डोळ्यांतले पाणी तिला पुसता येत नव्हते.

"तुमी होतात म्हणान माजां चेडू वाचलां, बाई," ती म्हणाली.

केतकीने डोळे उघडले. आपल्यावर वाकलेल्या बाईकडे तिने पाहिले, तोंड वाकडे केले, आणि रांगत जाऊन मांडीवर डोके ठेवले. दर्शनाने ते पाहिले आणि मान फिरवली.

यमुनाबाईंनी पर्यवेक्षिकेच्या कागदावर उभ्यानेच सही केली. मग एकच विनंती केली. महिन्यातून एकदा तपासणीला आल्यावर, दुपारी मुले निजलेली असताना, त्या मांडीवर डोके ठेवण्याची आपल्याला परवानगी असावी.

केळुसकरांनी नियमांची पुस्तिका उघडली. मांडीचा लाभ सहा वर्षांपर्यंतच्या नोंदलेल्या बालकांना होता. वयाची अट त्यांना शिथिल करता येत नव्हती. मूळ मालकाविषयी मात्र पुस्तिकेत एक शब्दही नव्हता, आणि असे कोणी कधी मागेल, हे लिहिणाऱ्याला सुचलेच नव्हते. त्यांनी पुस्तिका मिटली आणि हजेरीपटात पंधरावे नाव लिहिण्यास वत्सलाला सांगितले. वयाचा रकाना कोरा ठेवावा, असेही सांगितले.

तेव्हापासून यमुनाबाई महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येतात. तपासणी कडक करतात. कांदा दिसला तर शेरा मारतात. एक वाजता चप्पल काढून चटईवर आडव्या होतात आणि डोळे मिटतात. डोळे मिटलेल्या बाईला मुले घाबरत नाहीत.

त्या पहिल्यांदा आल्या त्या मंगळवारी मांडीवर जागा नव्हती. केतकी जागी होती. तिने आडव्या झालेल्या बाईकडे थोडा वेळ पाहिले, आणि सरकून जागा करून दिली.