प्रत माहितीस्तव

हे २००३ सालचं की २००४, याची मला खात्री नाही. (वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसाने असं म्हणू नये; पण मी डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्यांपैकी आहे.) एवढं नक्की, की निवृत्तीनंतर बल्लारपूरच्या घरी मी इंटरनेट घेतलं होतं आणि भामरागडच्या बांबूवरचा निबंध एका परदेशी नियतकालिकाला पाठवून उत्तराची वाट बघत होतो.

उत्तर येईना. रोज वीस-पंचवीस जाहिराती मात्र यायच्या, टकलावर केस उगवणाऱ्या तेलाच्या.

"त्याइले तुमचं टक्कल कसं मालूम जी?" आमच्या सौभाग्यवतींनी, प्रेमिलाने, विचारलं.

टकलाचं सोडा. मेलबॉक्स इवलासा, तेलाने तो भरला की संपादकांचं पत्र दारातून परत जाणार. मी तक्रार करायची ठरवली.

मेल कंपनीच्या तक्रार विभागाने कळवलं, मूळ जाहिरात जोडून पाठवा. पाठवली. पुन्हा तेच उत्तर. पुन्हा पाठवली. असं आठ दिवस चाललं. आता, कॉलेजात तीस वर्षं मी एकही कागद 'प्रत माहितीस्तव' लिहिल्याशिवाय वर पाठवला नव्हता. त्यामुळे प्रत्येक तक्रारीची प्रत, तेलासकट, निवृत्त प्राध्यापक संघाच्या सगळ्या सभासदांना गेली. खाली टीप: अशी मेल आल्यास कोणतं बटण दाबून तक्रार करावी. (शिकवायची खोड जात नाही.)

नवव्या दिवशी माझी मेल उघडेना. पासवर्ड चुकला म्हणे. पासवर्ड म्हणजे बांबूचं शास्त्रीय नाव. पुस्तकात बघून टाकलं, तरी चूक.

"जन्मभर शिकवलेलं नाव विसरलो," मी म्हणालो.

"परवा माह्यं विसरले होते. मले रोशनी म्हणून राह्यले होते," प्रेमिला म्हणाली. रोशनी आमची मुलगी.

कंपनीला फोन लावला. पाऊण तास सनई ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, आपकी कंप्लेंट पर ॲक्शन हो गया है. जिस अकाउंट से वो तेल के मेल जा रहे थे, वो मंडे को बंद कर दिया."

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. "और मेरा पासवर्ड?"

"उसके लिए अपने ईमेल से हमें लिखिए, सर."

"वही तो खुलता नहीं."

"खुल जाए तब लिखिए."

पण त्या दिवशी मला राग येणं शक्य नव्हतं. कुठल्याशा देशातल्या तेलवाल्याला मी बल्लारपुरात बसून बंद पाडलं होतं. कॉलनीत पेढे वाटले. संघाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. संघाचे सचिव रामाजी भाषणात गहिवरले. मेल परत गेल्याने संपादकांनी शेवटी टपालाने कळवलं: निबंध स्वीकारला. सल एकच राहिला, विसरलेल्या पासवर्डाचा. त्यापायी मी सहा वर्षं ब्राह्मी घेतली.

मग एकदा रामाजी संघाची जुनी फाइल घेऊन आले.

"सर, तवा आमाले रोज तेलाच्या जाहिराती येऊन राह्यल्या होत्या. तुम्ही खाली लिहून देलं, तसंच सगळ्याइनं बटन दाबलं. पाठवणाऱ्याचं नाव कोण पाहते? हे पाहा कंपनीचं उत्तर."

उत्तरात बंद केलेल्या खात्याचा पूर्ण पत्ता होता. मी डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला. पत्ता माझा होता.

म्हणजे पासवर्ड शेवटपर्यंत बरोबर होता. स्मरणशक्ती शाबूत होती. मी हे प्रेमिलाला अभिमानाने सांगितलं.

"मंग ते शाल वापस करून या," ती म्हणाली.